प्लग-इन हायब्रिडचे मायलेज: छापील आणि खरे

महोदय,

वाहनविषयक पानांवरच्या तक्त्यांत पेट्रोल मॉडेलसमोर लिटरला १५ किलोमीटर आणि त्याच गाडीच्या प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटार आणि प्लग लावून भरता येणारी बॅटरी असलेल्या) मॉडेलसमोर ७५, असे आकडे शेजारी शेजारी दिसतात. हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. तक्त्याखाली तेवढी एक ओळ छापली, तरी अनेकांचा चुकीचा सौदा टळेल.

७५ येतात कुठून? चाचणीत गाडी एकदा भरलेल्या बॅटरीवर आणि एकदा रिकाम्या बॅटरीवर चालवतात. मग ग्राहक किती टक्के अंतर विजेवर कापेल याचा अंदाज धरून दोन्हींचा मेळ घालतात. हा अंदाज ८० टक्के धरला, तर १०० पैकी २० किलोमीटरच पेट्रोलवर. त्याला लागले १.३३ लिटर. भागाकार केला की आले ७५! प्रत्यक्षात ३० टक्केच अंतर विजेवर झाले, तर तीच गाडी २१ देते. चार्जिंगचा कंटाळा केला, तर शहरात ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या विजेने थोडे सावरते, पण महामार्गावर बॅटरी आणि मोटारीचे दोन-तीनशे किलोंचे जादा ओझे वाहत ती पेट्रोल मॉडेलच्याही मागे पडू शकते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांतल्याच नोंदयंत्रांची आकडेवारी जाहीर केली. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या प्लग-इन गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. पुढे २०२५ पासून तिथल्या चाचणीतला हा अंदाज खाली आणावा लागला.

म्हणून हिशेब आपल्या फेऱ्यांवरून करावा. मध्यम आकाराची अशी गाडी एका युनिटवर साधारण ५ किलोमीटर जाते. युनिट मात्र भिंतीवरच्या मीटरचे धरायचे, गाडीच्या पडद्यावरचे नव्हे. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाटेतच उष्णतेत जाते. पेट्रोल मॉडेल लिटरला १५ देत असेल, तर एक लिटर म्हणजे तीन युनिट. तीन युनिटांचे पैसे एका लिटरपेक्षा जास्त होत असतील, तर प्लग लावून बचत नाही. घरच्या दराने हे गणित बहुधा जमते, सार्वजनिक जलद चार्जरच्या दराने अनेकदा नाही. तसेही बऱ्याच प्लग-इन गाड्यांना जलद चार्जिंगची सोयच नसते.

विजेवरचा पल्ला ५० किलोमीटर आणि रोजची ये-जा ४० असेल, तर वर्षाच्या २५० दिवसांत १०,००० किलोमीटर विजेवर होतात. ६६७ लिटर पेट्रोल वाचते, २,००० युनिट खर्च होतात. या दोहोंच्या किमतीतली वजाबाकी ही वर्षाची बचत. दोन मॉडेलांच्या किमतीतल्या फरकाला तिने भागले की फरक किती वर्षांत वसूल होतो ते कळते. रोजची फेरी १५ किलोमीटरचीच असेल तर वाचतात फक्त २५० लिटर, आणि तेवढ्यासाठी मोठी बॅटरी विकत घेणे परवडत नाही. कडाक्याच्या थंडीत पल्ला आणखी घटतो. काही मॉडेलांत तर आतल्या हीटरसाठीच इंजिन सुरू होते.

सॉकेटकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. १२ युनिटांची बॅटरी १० अँपिअरने भरायला सुमारे सहा तास लागतात. घरातले दुसरे कोणतेही उपकरण इतका वेळ सलग एवढा प्रवाह ओढत नाही. सैल झालेल्या पिना, पातळ वायर, वेटोळे न सोडलेली एक्स्टेंशन केबल यांचा कस इथे लागतो. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी (प्रवाह जादा झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे. चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबावे आणि सॉकेट बदलून घ्यावे. ठरलेल्या पार्किंगला वीजच नसेल, तर निर्णय पेट्रोलच्या किंवा साध्या हायब्रिडच्या बाजूने आधीच झाला म्हणायचा. प्लग नसलेल्या त्या हायब्रिडचा पर्याय तक्त्यात सहसा नसतोच.

इंजिन कमी चालते म्हणजे देखभाल कमी, हा समज अर्धाच खरा. थोडा वेळ चालून थंड पडणाऱ्या इंजिनात ओलावा आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. गाडी कितीही कमी चालली, तरी ऑइल वर्षातून एकदा बदलावेच लागते. टाकीतले पेट्रोलही महिनोन्‌महिने पडून शिळे होते, म्हणून काही गाड्या अधूनमधून आपणहून इंजिन चालवून घेतात. तो बिघाड नव्हे. साध्या गाडीत टाकीतली वाफ चालते इंजिन ओढून घेते. इथे इंजिन दिवस दिवस बंद, म्हणून अनेक मॉडेलांत ती वाफ बंद टाकीत दाबाखाली कोंडलेली असते. पंपावर झाकणाचे बटण दाबल्यावर काही सेकंद थांबावे लागते ते त्यामुळे. ब्रेकऐवजी विजेची मोटारच बहुतेक वेळा गाडी आवरते, त्यामुळे ब्रेकच्या डिस्क गंजतात. आठवड्यातून दोन-चारदा, मागे कोणी नसताना, जरा जोराने ब्रेक दाबावा.

महामार्गाला लागण्यापूर्वी काही मिनिटे हायब्रिड मोड (इंजिन आणि मोटार दोन्ही वापरणारा) निवडावा. नाहीतर ओव्हरटेक करताना पेडल दाबताच थंडगार इंजिनाला एकदम पूर्ण ताकद लावावी लागते. बॅटरी पुढच्या शहरासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे, पण धावत्या गाडीत पेट्रोल जाळून ती भरायचा मोड टाळावा. पेट्रोलची वीज, विजेची पुन्हा गती, असा द्राविडी प्राणायाम प्रत्येक पायरीवर इंधन खातो.

डिकीची खोली, स्टेपनी आहे की नुसते पंक्चर किट, आणि टाकी किती लिटरची, हे तिन्ही पेट्रोल मॉडेलशी ताडून पाहावे. चाचणी फेरीला विक्रेता बॅटरी भरलेली गाडीच पुढे करतो. बॅटरी उतरलेली गाडी मागावी, चौघांना बसवावे आणि लांब चढावर न्यावी; इंजिनाचा आवाज आणि ताकद तिथे कळते.

– एक वाचक