कृषिमंत्र्यांना खुले पत्र : तणाला भारी पडणारं बियाणं आम्हाला कधी मिळणार?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता, तेव्हा आमच्या रामटेक-मौद्याकडचा गहू तीन-चार आठवड्यांचा असतो. चाकवत आणि हिरनखुरी ही तणंही त्याच्यासोबतच वर येतात. ज्यानं तणनाशक मारायचंच नाही असं ठरवलंय, त्याच्या घरी मग निंदणाला बाया मिळतील का, याची काळजी सुरू होते. सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की शेणखत, जीवामृत, प्रमाणपत्र, बाजारपेठ या सगळ्यावर बोललं जातं. बियाण्यावर कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही सेंद्रियवाले जे सुधारित वाण पेरतो, ते निवडले गेले खत-औषधाच्या शेतीसाठी. वाणांची तुलना करताना चाचणीचे प्लॉट तणमुक्त ठेवतात. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, नाहीतर उत्पन्नातला फरक वाणाचा की गवताचा, हे कसं कळणार? पण त्यामुळे तणाशी टक्कर कोणता वाण घेतो, तेही कधी कळत नाही.

गव्हाचंच घ्या. साठच्या दशकात आलेल्या बुटक्या गव्हांनी देशाचं पोट भरलं, ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. भरपूर युरिया दिला तरी ते लोळत नाहीत, म्हणजे आडवे पडत नाहीत, हा त्यांचा गुण. मात्र नोरिन-१० या जपानी गव्हातून आलेली बुटकेपणाची जनुकं नुसती उंची कमी करत नाहीत. जमिनीतून वर येणारा कोंब आखूड करतात आणि पहिली पानंही लहान ठेवतात. जिथं युरिया पडतच नाही, तिथं या बुटकेपणाचा फायदा थोडा आणि गवताला ऊन मात्र भरपूर. म्हणून आजोबांच्या काळातला उंच गहूच पेरा, असं मी म्हणत नाही, तो लोळतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी बुटकेपणाची दुसरी जनुकं वापरून, न लोळणारा तरीही सुरुवातीला झपाट्यानं वाढणारा गहू तयार करण्याचं काम केलं आहे. पहिली पानं रुंद, फुटवे लवकर, आणि महिनाभरात दोन ओळींमधली माती झाकलेली, असं पीक आम्हाला हवं आहे.

ज्वारीकडे तर स्वतःचंच हत्यार आहे. तिच्या मुळांच्या केसांतून सोर्गोलिओन नावाचा तेलकट पदार्थ पाझरतो आणि बारीक बियांच्या तणांची वाढ तो रोखतो. प्रत्येक वाणात त्याचं प्रमाण वेगळं असतं. वाण निवडताना ते कोणी मोजतं का?

धानाची रोवणी केली तर बांधीतलं पाणी बरंचसं गवत दाबून ठेवतं. आवत्या टाकला, म्हणजे रोवणी न करता बी थेट शेतात पेरलं, की गवत आणि धान एकाच वेळी उगवतात, आणि मजूर मिळत नसल्यानं आवत्याकडे वळणारे वाढताहेत. पश्चिम आफ्रिकेत तिथल्या देशी भाताचा आशियाई भाताशी संकर करून ‘नेरिका’ वाण काढले गेले. तिथला देशी भात लवकर पसरून तणाला झाकतो, हा गुण उचलणं हाही त्यामागचा एक हेतू होता. आपल्याकडे 2021 साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं बासमतीचे दोन वाण दिले. त्यांची खासियत काय, तर इमाझेथापायर हे तणनाशक फवारलं तरी ते मरत नाहीत! म्हणजे तण डोळ्यासमोर ठेवून वाण काढता येतो, हे सरकारी संशोधनाला पक्कं ठाऊक आहे. फक्त तणनाशकाऐवजी तण सोसणारा वाण काढा, एवढंच आमचं म्हणणं.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला आपण सांगावं, की गहू, ज्वारी, धानाच्या वाणचाचण्यांत एक पट्टा तणनाशक आणि निंदणाशिवाय ठेवा. सगळीकडे तण सारखं उगवत नाही ही अडचण खरी आहे. त्यावर संशोधक मोहरीसारखं पीक नकली तण म्हणून सारख्या प्रमाणात पेरतात. तणांवर संशोधन करणारं केंद्र सरकारचं संचालनालय जबलपूरला आहे, म्हणजे आपल्या नागपूरहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्को बैठकीत, म्हणजे संशोधन समितीच्या बैठकीत, वाणाचा प्रस्ताव येतो, तेव्हा त्यात ‘तणाशी स्पर्धा’ असा रकाना असावा. निवडीत शेतकऱ्यांनाही घ्या. नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं एचएमटी हा धानाचा वाण आपल्या बांधीत, नुसत्या नजरेनं निवडला होता. त्यांची कदर करायला आपण किती उशीर केला, तो विषय वेगळा.

असा वाण निंदण पुरतं बंद करणार नाही. लव्हाळ्यासारखं चिवट तण तर कोणालाच जुमानत नाही. शिवाय नवा वाण यायला आठ-दहा वर्षं जातात. म्हणून आधी आज बाजारात असलेल्या वाणांचीच तपासणी करा. कोणता वाण किती दिवसांत जमीन झाकतो, याची यादी येत्या खरिपाच्या पेरणीआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या (पूर्वीच्या कृषी सहायकांच्या) हाती द्या. तेवढ्यानंही निंदणाचा एखादा फेरा वाचू शकेल.

आपला,
एक सेंद्रिय शेतकरी
तालुका रामटेक, जि. नागपूर