मान वर करून पाहिलेली मुंबई

महोदय,

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता नातीला घेऊन सीएसएमटीला उतरले. तीस वर्षं याच स्थानकातून ऑफिस गाठलं, पण मान वर करून पाहिलं ते आत्ता. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. भिंतींवरच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. दगडी मोराच्या पिसाऱ्यापुढून नात हलेचना.

तिथून चालत फ्लोरा फाउंटन, मग ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईचं नाव लावलेला राजाबाई टॉवर. समोर गोलसर गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ पासून हा जागतिक वारसा आहे. एवढं वैभव फक्त चालत पाहता येतं, आणि नेमकं चालणंच अवघड! उखडलेल्या फरशीत माझा पाय मुरगळला. टेकायला जवळपास बाक सापडला नाही, शेवटी एका दुकानाच्या पायरीवर बसले. नातीला वाचता येतील असे मराठी फलकही वाटेत फार थोडे दिसले.

संबंधितांनी निदान सीएसएमटी ते ओव्हल एवढा पदपथ तरी पावसाळ्याआधी नीट करावा. पुढच्या वेळी तिच्या पणजीलाही न्यायचं आहे.

— एक निवृत्त वाचक, डोंबिवली