गोवराच्या दुसऱ्या डोसची तारीख मराठीतही छापा

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. मागच्या महिन्यात शेजारची सून बाळाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, कडेला हळदीचं बोट उमटलेलं. “बाई, ह्यात काय लिवलंय सांगा की ओ.” ती चंदगडकडची लेक, लग्न होऊन इकडे आलेली. मराठी पेपर घडाघडा वाचते, कन्नड अक्षर मात्र तिला लागत नाही.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात झालेला होता. दुसऱ्याचा रकाना कोरा. मूल सव्वादोन वर्षांचं! हा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा असतो. “एकदा टोचलंय की,” ती म्हणाली. हयगय तिने केली नव्हती, तिला कुणी समजेल असं सांगितलंच नव्हतं. चुकलेला डोस पाच वर्षांपर्यंत घेता येतो, म्हणून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मीच सोबत गेले.

साहेब, एका डोसावर भागत नाही. शंभरातल्या पंधराएक मुलांना त्यातून संरक्षण मिळत नाही. गोवराचा विषाणू रोगी निघून गेल्यावरही दोन तास हवेत राहतो आणि अंगावर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून पसरतो. म्हणजे आईला कळेपर्यंत अख्खी अंगणवाडी त्याच्या टप्प्यात आलेली असते. त्यात आमच्याकडे अजून “गोवर पुरता फुटू दे, मग दवाखाना” म्हणत कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवून बसतात. तोवर न्यूमोनिया गाठतो. डोळे जाण्याचीही भीती असते. साथ रोखायची तर शंभरात पंचाण्णव मुलांचे दोन्ही डोस व्हायला हवेत.

2017 च्या फेब्रुवारीत देशातली गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या राज्यांत कर्नाटक होतं. ती उमेद मी शाळेत पाहिली आहे. म्हणून हक्कानं मागते: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कार्डांवर कन्नडच्या खाली मराठीतही पुढच्या डोसची तारीख आणि कारण छापा. कन्नड काढा असं माझं मुळीच म्हणणं नाही. आणि गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या पालांवर जाऊन लस द्या. त्यांच्या पोरांचे डोस गाव आणि फड यांच्या मध्येच हुकतात.

या पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका