नाल्याचा कायदा आणि वन्यजीवांचा कायदा एकाच समितीपुढे यावा

संपादक महोदय,

विधिमंडळाच्या कामकाजाच्या बातम्या नियमितपणे वाचणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल की, मुंबईत भरणाऱ्या पावसाळी अधिवेशनात शहर तुंबल्याची लक्षवेधी सूचना येते आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बिबट्यांचा प्रश्न गाजतो. पहिल्या प्रश्नाला नगरविकास खाते उत्तर देते, दुसऱ्याला वन खाते, आणि दोन्ही उत्तरे इतिवृत्तात जमा होऊन विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. मुंबईपुरते बोलायचे तर हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. म्हणून पावसाळी पाण्याचा निचरा आणि वन्यजीवांचे नियमन या विषयांवर राज्यात यापुढे जी विधेयके येतील, ती स्वतंत्रपणे हातावेगळी न करता दोन्ही सभागृहांच्या एकाच संयुक्त समितीकडे सोपवावीत, अशी मागणी या पत्राद्वारे करीत आहे.

याचे पहिले कारण भूगोलाचे आहे. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाकडून येते, पोयसरचा उगम त्याच डोंगरांत आहे, ओशिवरा आरेच्या टेकड्यांतून निघते, तर मिठी विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून सुरू होते. साधारण १०३ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे आहेत, पवई तलावात मगरी आहेत, आणि पाण्याच्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला तिवरे, म्हणजे कांदळवने आहेत. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. खाडीकाठच्या याच तिवरांत कोल्हे राहतात, हे अनेक मुंबईकरांना आजही खरे वाटत नाही. म्हणजे आपले पावसाळी पाणी वन्यजीवांच्या हद्दीत उगम पावते आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच हद्दीत जाऊन मिळते. मधल्या पट्ट्यात आपण राहतो, आणि कायदे मात्र केवळ या मधल्या पट्ट्याकडे पाहून केले जातात.

दुसरे कारण घटनेतील आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. केंद्र आणि राज्य यांच्यात विषयांची वाटणी करणाऱ्या सातव्या अनुसूचीत पाण्याचा निचरा हा विषय राज्य सूचीतील सतराव्या नोंदीत येतो, त्यामुळे त्यावर विधिमंडळाला स्वतःच्या अधिकारात कायदा करता येतो. वन्य प्राणी आणि पक्ष्यांचे संरक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत गेला. तेव्हा १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण अधिनियमाशी विसंगत ठरणारी तरतूद राज्याला करायची असेल, तर अनुच्छेद २५४ नुसार ते विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी राखून ठेवावे लागते. केरळ विधानसभेने २०२५ मध्ये अशाच प्रकारचे दुरुस्ती विधेयक मंजूर केले, आणि आपल्याकडेही बिबट्यांच्या निमित्ताने तशी मागणी अधूनमधून होत असते. त्या मागणीची योग्यायोग्यता हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. मला एवढेच सांगायचे आहे की, वन्यजीवांबाबत जे काम मोठ्या खटपटीने दिल्लीकडून करून घ्यावे लागेल, त्यातील बरेचसे नाले, नदीकाठ आणि पातमुखे (नाल्यांचे पाणी समुद्रात वा खाडीत सोडणारी तोंडे) यांच्या नियमांतून राज्याला आपल्या अधिकारात आजच करता येईल. मात्र त्यासाठी निचऱ्याचा कायदा लिहिणाऱ्यांच्या शेजारी वन्यजीवांचे जाणकार बसलेले असावे लागतात.

ते बसलेले नसतात तेव्हा काय होते, हे बोरिवलीतील आमच्या दौलतनगरात रोज दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबईतील नद्यांच्या काठांवर संरक्षक भिंती उभ्या करण्याच्या कामाने जोर धरला. भिंतींचा उद्देश समजण्यासारखा आहे. ज्यांच्या घरात छातीएवढे पाणी शिरले होते, त्यांना भिंत नको असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु दहिसर नदीच्या बाजूची आमची भिंत तळापासून माथ्यापर्यंत सरळ उभी आणि गुळगुळीत आहे, आणि तिच्यात ठरावीक अंतरावर आजूबाजूच्या सोसायट्यांच्या पावसाळी पाण्याच्या नळ्यांची तोंडे उघडतात. नदीला लोंढा येतो तेव्हा काठावरच्या बिळांतून निघालेली धामण त्या भिंतीवर चढण्याची धडपड करते, घसरते आणि अखेर समोर दिसणाऱ्या नळीत शिरते. ती नळी आमच्या आवारातील चेंबरला जोडलेली आहे. भरतीच्या वेळी त्याच नळीतून नदीचे पाणीही उलटे आत येते. सुरक्षारक्षकाने झाकण उचलले तेव्हा गढूळ पाण्यावर कचऱ्यासोबत वेटोळे घालून बसलेली धामण आम्ही पाहिली. एका कार्यालयात फोन केला तर त्यांनी दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि शेवटी शेजारच्या वस्तीतील एक सर्पमित्र गुडघाभर पाण्यातून येऊन तिला घेऊन गेला. नळीच्या तोंडाशी पाणी बाहेर सोडणारी पण आत न घेणारी झडप आणि भिंतीला काही अंतरावर दगडी उतार, एवढी तरतूद निविदेत असती तर पाणीही आत आले नसते आणि सापही. ही मामुली बाब निविदेत का नव्हती, याचे उत्तर सोपे आहे. ती असावी असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

पवई तलावाचा अनुभव याहून महागडा ठरला. तलावाकाठी उभारलेला सायकल मार्ग उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या नियमांचा भंग करणारा म्हणून बेकायदा ठरवला आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. मगर काठावरच्या मोकळ्या, उतरत्या जमिनीत खड्डा करून अंडी घालते. तिचा हा हंगाम साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल असतो आणि पिल्ले पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात. नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे पावसाळापूर्व कामांची घाई असते. जलपर्णी काढणारी यंत्रे आणि गाळ उपसणारे पोकलेन काठावर उतरतात. कामे थांबवावीत असे कोणीही म्हणणार नाही. पण कोणत्या काठावर कोणत्या महिन्यात यंत्र उतरवायचे, याचे वेळापत्रक वन खात्याच्या सल्ल्याने आखणे कायद्याने बंधनकारक केले, तर त्यात कोणाचे काय बिघडणार आहे? तिवरांच्या बाबतीतही हेच आहे. नाल्याच्या मुखाशी एखादे सार्वजनिक काम करताना तिवरे तोडावी लागणार असतील, तर २०१८ च्या निकालानंतर उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कायदा करताना जे बोलणे टाळले जाते, ते कंत्राट दिल्यानंतर न्यायालयात बोलावे लागते, आणि तोवर दोन पावसाळे निघून जातात.

आता केवळ पाण्याविषयी. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांविषयीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या जुन्या वाहिन्यांची क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस केली होती. तिच्या अंमलबजावणीला खरी गती २००५ च्या महापुरानंतर आली. योजनेतील आठ उदंचन केंद्रांपैकी (साचलेले पाणी पंपाने बाहेर टाकणाऱ्या केंद्रांपैकी) सहा झाली, तर मोगरा आणि माहूल येथील केंद्रे जागेच्या आणि परवानग्यांच्या गुंत्यात दीर्घकाळ रखडली. मुंबईच्या १८६ पातमुखांपैकी मोजकीच भरतीच्या पातळीच्या वर आहेत, म्हणजे साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. अशा वेळी पाणी जमिनीत मुरवणे आणि वरच्या अंगाला थोपवून धरणे, एवढेच दोन उपाय हाती राहतात. आपण मात्र रस्त्यांचे सरसकट काँक्रीटीकरण हाती घेतले आहे, सोसायट्यांची आवारे पेव्हर ब्लॉकने मढवली आहेत आणि झाडांची आळी सिमेंटने लिंपून टाकली आहेत.

अमेरिकेतील मेरिलँड राज्याने २०१२ मध्ये केलेला कायदा या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. ज्याच्या भूखंडावर पाणी न मुरणारे जितके क्षेत्र, त्या हिशेबाने निचऱ्याचे शुल्क आकारण्याची सक्ती त्या राज्याने दहा मोठ्या नागरी विभागांवर केली. विरोधकांनी त्याला ‘पावसावरचा कर’ म्हणून हिणवले आणि २०१५ मध्ये ती सक्ती काढून टाकण्यात आली. काही ठिकाणी शुल्क चालू राहिले, काही ठिकाणी बंद झाले. आपल्या आमदारांनी यातून शुल्कही पाहावे आणि त्याची झालेली फजितीही. कर म्हटले की मुंबईकर बिथरणार, यात शंका नाही. परंतु ज्या सोसायटीने आवारातील माती उघडी ठेवली तिला मालमत्ता करात सवलत, अशा बाजूने सुरुवात केली तर तोच विचार लोकांच्या गळी उतरू शकेल. उघड्या मातीचा लाभ पाण्यापुरता राहत नाही, तिच्यावर झाडे जगतात आणि झाडांवर पक्षी, त्यामुळे ही तरतूद निचऱ्याच्या विधेयकात घालायची की जैवविविधतेच्या, असा प्रश्न एकत्र समितीपुढे उद्भवणारच नाही.

गाळाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. नाल्यातून काढलेला ओला गाळ सुकण्यासाठी काठावरच ठेवला जातो आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर त्यातला निम्माशिम्मा पुन्हा नाल्यात जातो, हे दृश्य पाहिले नाही असा मुंबईकर विरळा. मिठीतील गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. त्याचा निवाडा न्यायालय करील. तो गाळ नेमका कोठे टाकला जातो, हा प्रश्न मात्र वन्यजीवांच्याही जिव्हाळ्याचा आहे, कारण राडारोडा आणि गाळ यांचे भराव खाजणांत आणि तिवरांत पडतात तेव्हा भरतीचे पाणी फिरण्याच्या वाटा बुजतात. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग अडले तेव्हा तलाव कोरडा पडू लागला, आणि २०२४ च्या त्याच हंगामात तेथे रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. तेथे प्रश्न नळीचा आणि वाहिनीचा होता, पक्ष्यांसाठीच्या कोणत्याही स्वतंत्र कायद्याने तो सुटला नसता.

संयुक्त समितीची मागणी अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणू नये. जनसुरक्षा विधेयक अशाच समितीकडे गेले होते, त्यावर नागरिकांच्या हजारो सूचना आल्या आणि २०२५ मध्ये ते काही बदलांसह मंजूर झाले. त्या विधेयकाबद्दल मतभेद असतील, पण वाट मळलेली आहे. या समितीने महापालिकेचे पर्जन्य जलवाहिन्या खाते, वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि राष्ट्रीय उद्यानाचे प्रशासन यांना वेगवेगळ्या दिवशी बोलावण्याऐवजी एकाच बैठकीत समोरासमोर बसवावे. निदान एक बैठक नदीकाठच्या वस्तीत घ्यावी. आणि विधेयकांचे मसुदे मराठीतून सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध करून ही सुनावणी एप्रिलपूर्वी उरकावी, कारण त्यानंतर संबंधित अधिकारी नालेसफाईत आणि रहिवासी आपापल्या गच्चीची गळती थांबवण्यात गुंतलेले असतात.

आपला,
एक वाचक
दौलतनगर, बोरिवली (पूर्व), मुंबई