सकाळच्या सत्रातील नववी-दहावी

महोदय,

शालेय शिक्षण विभागाच्या फेब्रुवारी २०२४ मधील निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. लहानग्यांची झोप पुरी व्हावी, हा हेतू स्वागतार्हच आहे. परंतु पहाटे उठणे ज्या वयात सर्वांत जड जाते, ती नववी-दहावीची मुले त्यातून वगळली गेली, आणि दोन सत्रांत चालणाऱ्या अनेक शाळांत त्यांचे वर्ग आजही सातच्या सुमारास भरतात.

मुले रात्री मोबाइल घेऊन बसतात, ही पालकांची तक्रार खोटी नाही. मात्र पौगंडावस्थेत शरीरातील घड्याळही एक-दोन तासांनी पुढे ढकलले जाते. झोपेची वेळ सुचवणारे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते, त्यामुळे दहाला अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. नेहमीच्या जाग येण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचे तापमान आणि त्यासोबत तरतरीही सर्वांत खाली असते. मे महिन्याच्या सुट्टीत आठला आपसूक उठणाऱ्या मुलाला जूनमध्ये साडेपाचला हलवून उठवले, तर नेमकी हीच घटका गाठली जाते. उठल्यानंतरची गुंगी एरवी अर्ध्या तासात ओसरते. पण शरीराच्या लेखी रात्र सरलेली नसताना, त्यातही झोप अपुरी असताना, ती रेंगाळते. तोंडावर पाणी मारून डोळे उघडतात, बुद्धी लगेच जागी होत नाही.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावरचे ६३ वहीत ३६ होऊन उतरते, आणि तीच मुलगी मधल्या सुट्टीनंतर तसलेच उदाहरण तोंडी सोडवते. तिला निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली आणि कॅलिफोर्नियाने जुलै २०२२ पासून हायस्कुलांसाठी तसा कायदाच लागू केला. आपल्याकडे वर्गखोल्या अपुऱ्या आहेत, हे मान्य. तरीही सकाळचे सत्र पाचवी ते सातवीला देऊन आठवी ते दहावीचे वर्ग दुपारी भरवता येतील का, याचा विचार शिक्षण विभागाने आणि संस्थाचालकांनी करावा. तोवर निदान पहिल्या तासाला गणित, विज्ञान व चाचण्या ठेवू नयेत. तेथे शारीरिक शिक्षण किंवा चित्रकला घ्यावी. वेळापत्रकातील एवढा बदल मुख्याध्यापक याच सत्रापासून करू शकतात.

— एक माध्यमिक शिक्षिका, डोंबिवली