‘कट्यार’, चित्रपट आणि आमची पायपेटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘कट्यार काळजात घुसली’वरचा लेख सोमवारी वाचला. (आमच्याकडे रविवारची पुरवणी सोमवारच्या पहिल्या गाडीने येते. त्याबद्दल शेवटी.) लेखकमहाशयांचं म्हणणं असं, की नाटक थोर खरं, पण फार संथ, चित्रपटाने ते आजच्या पिढीसाठी जिवंत केलं. उपकार झाले. इतकी वर्षं आम्ही मेलेलं नाटक करतोय, हे आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

एरवी पेपराची घडी घालून गप्प बसलो असतो. पण त्याच संध्याकाळी देवळात माघी उत्सवाची सभा होती आणि आमच्या एका विश्वस्तांनी तो लेख खिशातून काढून भर सभेत वाचून दाखवला. मग म्हणाले, “नाटक कित्याक व्हया? पडद्यार पिक्चर लावया, खर्च पण वाचात.” मुंबईकर मंडळींनी फोनवरून माना डोलावल्या असाव्यात. स्टेज, मंडप, ऑर्गनचं भाडं, बाहेरून येणारा तबलजी, सगळा हिशेब मांडून झाला आणि यंदाचं नाटक ‘विचाराधीन’ झालं. आमच्या गावात विचाराधीन म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. रस्ताही विचाराधीनच आहे.

आता लेखाबद्दल. त्यात ‘ऑर्केस्ट्रेशन’ हा शब्द चार वेळा आला आहे, मी मोजला. पं. जितेंद्र अभिषेकी हे नाव एकदाही आलेलं नाही. ‘घेई छंद मकरंद’, ‘सुरत पिया की’, ‘दिन गेले भजनाविण सारे’ या चाली १९६७ सालच्या नाटकातल्या, अभिषेकीबुवांच्या. मंगेशीचा माणूस, म्हणजे खाली उतरलं की आपल्याच किनाऱ्यावरचा. त्याचं नाव न घेता ‘चित्रपटाच्या संगीताने कमाल केली’ असं लिहायचं म्हणजे आमच्याकडचा हापूस पेटीत भरून त्यावर दुसऱ्याच गावाचं लेबल चिकटवण्यासारखं आहे. ते दुखणं आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

चित्रपटाशी माझं वैर नाही. २०१५ च्या दिवाळीत तो लागला तेव्हा आम्ही सहाजण गाडी करून रत्नागिरीला जाऊन बघून आलो. शंकर महादेवन पंडितजी, म्हणजे आधीचे राजगायक, झाले आणि स्वतः गायले, हे आवडलं. ‘सूर निरागस हो’ तर आमच्या वाडीत गणपतीत आरतीच्या आधी रोज वाजतं आणि मला ते ऐकावंसं वाटतं. पण पंडितजींचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब सचिन पिळगावकरांचे आणि गळा राहुल देशपांडेंचा. दोघेही आपापल्या जागी उत्तम. नाटकात खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांना अशी वाटणी करता आली नव्हती. तोच माणूस हवेलीत शिरायचा, तोच चिडायचा, त्याच दमात तान घ्यायचा. भांडून श्वास चढला असेल तर तो गाण्यात दिसायचा.

लेखकाला पंडितजींना शेंदूर चारण्याचा प्रसंग फार भावला. पंडितजींचा आवाज कसा गेला हे चित्रपटाने ‘स्पष्ट’ केलं म्हणे. आमच्याकडे शेंदूर मारुतीला लावतात. आमच्या गावच्या प्रयोगात पंडितजींना तो कधी लागला नाही. आमचा पडदा उघडतो तो हवेलीच्या आतच, काय घडून गेलंय ते प्रेक्षक गाण्यावरून ताडतो. समोर बसलेल्या आज्यांनासुद्धा कधी समजावून सांगावं लागलं नाही.

पण खरा राग आला तो एका वाक्याचा. ‘रंगभूमीवरच्या एका ऑर्गनच्या साथीला मर्यादा होत्या.’ संपादकसाहेब, तो ऑर्गन, म्हणजे आमच्या भाषेत पायपेटी, मी वाजवतो. मर्यादा असतात. मी एक सांगतो.

मी एसटीत वाहक होतो. एका वर्षी ‘कट्यार’च्या प्रयोगाला माझी ड्युटी नेमकी आमच्याच गावच्या मुक्कामाच्या गाडीवर लागली होती. गाडी उशिरा पोचली, नाटक सुरू व्हायच्या बेतात, म्हणून मी खाकी कपड्यांतच, तिकिटांचा ट्रे मांडीशी ठेवून पेटीवर बसलो. पेटी खाडीपलीकडून होडीने आणलेली. त्या दिवसांत दंव मरणाचं पडायचं आणि आमच्या मंडपाला बाजू नव्हत्या. लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात. दुपारी एकाने पेटी उन्हात ठेवली होती, पण त्याने काय होतंय.

खाँसाहेब होते आमच्याच पंचक्रोशीतले एक प्राथमिक शिक्षक. काळी एकमध्ये गायचे, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्यांचा सा आणि चौथी काळी त्यांचा पंचम. ‘सुरत पिया की’ ही रागमाला, म्हणजे एकाच गाण्यात राग बदलत जातात, तिची सुरुवात सोहनीत. मास्तरांनी तार षड्ज लावला, लोक सरसावून बसले, मी भरीला काळी चार दाबायचं काही कारणच नव्हतं, सोहनीत पंचम वर्ज्य, म्हणजे लावायचाच नसतो. पण आधीच्या पदात दाबलेली ती काळी चार वर आलीच नव्हती. मी भाता मारला आणि पंचम बोलायला लागला. वाजतच राहिला. पायपेटीचं असं असतं की पाय सोडले तर तो एक सूर जातो, पण बाकीचेही सगळे जातात. गायक उघडा पडतो. मी डाव्या हाताच्या नखाने पट्टी उचलायला बघतोय, उजव्या हाताने सोहनी चालवतोय, आणि मधून तो पंचम कुणीतरी दारात उभं राहून हाक मारल्यासारखा.

मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आणि पुढच्याच ओळीला सोहनी सोडून थेट यमनात शिरले. आमच्या तालमीतल्या क्रमात यमन त्या जागी नव्हताच. यमनात पंचमावर येऊन असे काही थांबले की जणू मी तो सूर त्यांच्यासाठीच धरून ठेवला होता. तबलजीने ठेका आवरता घेतला. तेवढ्या वेळात मी ट्रेमधून एक तिकीट फाडलं, दुमडलं, काळी चार आणि शेजारच्या पांढरीच्या फटीत सरकवलं आणि पट्टी टक् करून वर आली. तो ‘टक्’ मास्तरांनी ऐकला असणार, कारण पुढच्या समेला ते सोहनीत परत आले. ‘वन्समोअर’ आला. मास्तरांनी तो दिला, या वेळी यमनाशिवाय. लोकांना कळलं नाही की पहिला यमन का होता आणि दुसऱ्यांदा का गेला. प्रयोग संपल्यावर रंगपटात तोंडाचा रंग पुसता पुसता मला म्हणाले, “तुज्या पंचमाक इतकी घाई कसली रे?”

त्या तिकिटाचे एक रुपया वीस पैसे मी दुसऱ्या दिवशी हिशेबात माझ्या खिशातून भरले. ती मर्यादा मात्र मान्य आहे.

चित्रपटातलं ‘सुरत पिया की’ मी पुष्कळदा ऐकलं आहे. मोबाइलवर ऐकतो, नातू लावून देतो. प्रत्येक वेळी तसंच असतं. चांगलंच असतं, पण तसंच. त्यात कुणाची पट्टी अडकत नाही, त्यामुळे कुणाला यमनात जावंही लागत नाही. लेखकमहाशय याला ‘सफाई’ म्हणतात.

शिवाय त्यांनी वन्समोअरची टिंगल केली आहे. वन्समोअरने कथानक थांबतं म्हणे. थांबतं. कथानकाला कुठे जायचंय? मुक्कामाची गाडी सकाळी सहालाच सुटते. तोवर आम्ही सगळे तिथेच असतो.

रत्नागिरीत राज्य संगीत नाट्य स्पर्धा होतात, तिथे नोकरी-शेती सांभाळून गाणारी तरणी पोरं येऊन बघा, म्हणजे कोण जिवंत आहे ते कळेल. तुमच्या पेपरात त्याची बातमी कशी येते तेही बघितलं आहे. गेल्या वर्षी आमच्या प्रयोगाची बातमी चार ओळींत आली, निधन वार्तांच्या खाली. गायकाच्या नावात चूक होती, मयताच्या नावात नव्हती.

आणि आता ते पुरवणीचं. रविवारचे पैसे आम्ही रविवारच्या दराने देतो आणि वाचतो सोमवारी. त्यातही गेल्या महिन्यात दोनदा पुरवणी आलीच नाही. विक्रेता म्हणतो वरून कमी आल्या, वरचे म्हणतात खाली पोचल्या. हाच लेख तेवढा हमखास पोचला.

सभा पुन्हा येत्या शनिवारी आहे. पत्र त्याआधी छापून आलं तर विश्वस्तांना वाचून दाखवता येईल, त्यांनाही कात्रणाची सवय लागली आहे. जागेअभावी कापायचं झालंच तर शेंदराचं कापा, तिकिटाचं नको.

आपला,
एक पायपेटीवाला (निवृत्त एसटी वाहक)
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग