मुलांचा मुतखडा: नळी काढायची तारीख कार्डावर ठळक लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भात मुतखडा म्हटला की आधी कुळथाचे पाणी आणि पानफुटीची पाने आठवतात. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा मुलांमध्येही बरेचदा आपसूक पडतो, त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे थांबता येते. पण मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नलिका) अडून किडनी फुगली असेल, तर ‘पोर अजून लहान आहे’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नये. दुखणे थांबले म्हणजे खडा पडला, असेही समजू नये. अडलेली किडनी न दुखताही निकामी होत जाते. सोनोग्राफी करूनच खात्री करावी.

आता पोट फाडण्याची वेळ क्वचितच येते. किडनीतला 2 सेंटिमीटरपर्यंतचा खडा बाहेरून ध्वनिलहरींनी फोडता येतो. मुलांची मूत्रवाहिनी लवचिक असल्याने चुरा सहज उतरतो, मात्र लहान मुलांना त्यासाठीही भूल लागते. मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीतून लेसरने फोडतात. वाट अरुंद असेल तर जोर लावू नये. मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी तात्पुरती बारीक नळी (डीजे स्टेंट) आत ठेवून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालावी. मोठा खडा पाठीतून छिद्र पाडून काढतात.

या शेवटच्या शस्त्रक्रियेची पालकांना सर्वात जास्त भीती वाटते. अनुभवी हातांत ती सुरक्षित आहे, पण काही गोष्टी पाळल्या तरच. मोठ्यांसाठी छिद्र 8 ते 10 मिलिमीटरचे असते, मुलांमध्ये ते 5-6 मिलिमीटरवर आणता येते. छिद्र जितके मोठे आणि जितकी जास्त, तितका रक्तस्राव अधिक. दहा किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच जेमतेम 800 मिलिलिटर असते, म्हणजे 150 मिलिलिटर गेले तरी जवळपास पाचवा हिस्सा गेला. शस्त्रक्रियेत किडनी आतून धुण्यासाठी वापरायचे सलाईन शरीराच्या तापमानाइतके, 37 अंशांच्या आसपास कोमट हवे. गार सलाईन आणि ओल्या चादरी यांनी लहान मूल झपाट्याने थंड पडते. आत किती सलाईन गेले नि बाहेर किती आले, याचा हिशेबही ठेवावा लागतो.

शस्त्रक्रियेआधी लघवीचे कल्चर (लघवीत जंतू आहेत का, याची तपासणी) झालेच पाहिजे. खड्यासोबत ताप-थंडी असेल तर ‘आजच खडा काढा’ असा आग्रह पालकांनी धरू नये. तेव्हा नळी घालून अडलेली लघवी मोकळी करायची, अँटिबायोटिक द्यायचे आणि संसर्ग गेल्यावरच खडा काढायचा. जंतूंनी भरलेल्या किडनीत दाबाने पाणी सोडले की जंतू रक्तात शिरतात.

काढलेला खडा फेकून न देता तपासायला पाठवावा. मुलांमध्ये खड्यामागे बरेचदा चयापचयाचा दोष असतो, काही दोष आनुवंशिक असतात आणि त्यावर उपचार न केल्यास खडा पुन्हा होतो. दूध बंद करणे ही तर सर्रास होणारी चूक. कॅल्शियम तोडल्याने आतड्यातून ऑक्झलेट (खडा बनवणारा अन्नातला घटक) जास्त शोषले जाते, हाडेही कमजोर होतात. तोडायचे ते मीठ: चिप्सची पाकिटे, शेव, लोणची. वीस किलोच्या मुलाला दिवसाला किमान दीड लिटर पाणी द्यावे, नागपूरच्या मे महिन्यात त्याहून जास्त. शाळेचे स्वच्छतागृह घाण असेल तर मुले पाणीच पीत नाहीत, याकडे मुख्याध्यापकांनी लक्ष द्यावे.

आमची मुख्य मागणी नळीबद्दल आहे. गडचिरोली, यवतमाळहून नागपूरला आलेले मूल ऑपरेशननंतर, नळी आत असतानाच, हसते-खेळते होते. मग शेतीची कामे आणि गाडीभाडे यांत नळी काढायची तारीख हुकते. तीन महिन्यांपुढे तिच्यावर क्षारांचे थर चढू लागतात, ती आत अडकते, आणि जे काम काही मिनिटांच्या भुलीत झाले असते त्यासाठी नवे मोठे ऑपरेशन करावे लागते. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने सुट्टीच्या कार्डावर मराठीत ठळक लिहावे: ‘आत नळी आहे. अमुक तारखेला काढायची.’ वेगळ्या वहीत अशा मुलांची नोंद ठेवून आठवडाभर आधी पालकांना फोन करावा. नळी काढण्याचा आणि खडा तपासण्याचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो की नाही, हेही भरतीच्याच दिवशी लेखी सांगावे.

आपले,
मुलांच्या मूत्रविकारांवर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका,
नागपूर